सर्दी झाली की छाती का वाजते?

“याला सर्दी झाली की ती थेट छातीतच उतरते.” दोन-तीन वर्षांच्या मुलांचे आईबाबा जवळजवळ याच शब्दांत सुरुवात करतात आणि मग सगळा क्रम सांगतात. पहिल्या दिवशी नाक गळतं, दुसऱ्या दिवशी खोकला येतो, तिसऱ्या रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो आणि पोट उडायला लागतं. मग दवाखाना, औषधाचा फवारा देणारं मशीन (नेब्युलायझर), औषधं. चार-सहा दिवसांत मूल पुन्हा घरभर धावायला लागतं आणि महिना उलटत नाही तोच पुन्हा तेच. हे सगळं सांगून झालं की एक प्रश्न येतो, बहुतेक वेळा आवाज खाली आणून: “डॉक्टर, दमा तर नाही ना?”

उत्तर द्यायच्या आधी मी त्यांनाच एक प्रश्न विचारते. सर्दी नसते त्या दिवसांत मूल कसं असतं? पळताना खोकतं का? खळखळून हसलं किंवा रडलं की उबळ येते का? झोपेत खोकतं का? आजारपणाच्या रात्रीचा तास न् तास आईबाबांना पाठ असतो. चांगल्या दिवसांबद्दल विचारलं की मात्र ते एकमेकांकडे बघतात. आणि निदानाचा मुख्य धागा तर त्या दिवसांतच असतो.

आधी आवाजाबद्दल बोलू, कारण तिथेच पहिला घोळ होतो. मराठीत ‘घरघर’ म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. एक आवाज खरखरीत, ओला असतो. बाळाच्या पाठीवर तळहात ठेवला तर हाताला तो जाणवतो. हा बहुतेक वेळा नाकाघशात किंवा मोठ्या श्वासनलिकेत साचलेल्या कफाचा असतो. खोकलं, नाक साफ केलं की बदलतो. दुसरा आवाज बारीक, सुरेल, शिट्टीसारखा असतो आणि मुख्यतः श्वास सोडताना येतो. छातीतल्या लहान श्वासनलिका अरुंद झाल्या की हा आवाज निघतो, आणि ‘व्हीझ’ म्हणतात ते यालाच. पहिल्या आवाजाने घर हादरतं, पण तो सहसा निरुपद्रवी असतो. दुसरा कधी कधी कान लावल्याशिवाय ऐकूही येत नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत आवाज गेलेला असतो आणि आईबाबांना ‘कसा होता’ हे सांगता येत नाही. म्हणून माझी एक विनंती असते: रात्री असं झालं तर मुलाचा सदरा वर करून, छाती-पोट दिसेल असा आणि आवाज ऐकू येईल असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. दहा वाक्यांच्या वर्णनापेक्षा तो अर्धा मिनिट मला जास्त सांगतो.

आता हे लहान मुलांनाच इतकं का होतं? मोठ्या माणसाला तीच सर्दी होते आणि तो नाक शिंकरत कामाला जातो. इथे गणित आडवं येतं. एकोणिसाव्या शतकात पॉइझ्यूल नावाच्या फ्रेंच वैद्याने बारीक काचनळ्यांमधून द्रव कसा वाहतो हे मोजलं. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट होत नाही, चौपटही नाही, तो सोळापट होतो. उदाहरणादाखल ८ मिलिमीटर रुंदीची मोठ्या माणसाची एक श्वासनलिका घ्या. आतून सगळीकडे अर्धा मिलिमीटर सूज आली तर ७ मिलिमीटर वाट उरते आणि अडथळा पावणेदोन पटीच्या आत राहतो. तेवढीच सूज बाळाच्या ४ मिलिमीटरच्या नळीला आली तर ३ मिलिमीटर उरतात आणि अडथळा तिपटीच्या वर जातो. सूज एक मिलिमीटर झाली की सोळापट. बाळाचा विषाणू जास्त जहाल असतो असं नाही. जागाच कमी असते.

श्वास घेताना छाती फुगते आणि नळ्याही थोड्या उघडतात. सोडताना त्या आवळतात. म्हणून शिट्टी सोडताना वाजते, आणि म्हणूनच हवा आत जाते पण पूर्ण बाहेर येत नाही. छाती फुगलेली राहते. आधीच भरलेल्या छातीत नवा श्वास ओढायला मुलाला बरगड्यांच्या मधले स्नायू आणि छाती-पोटामधला स्नायूंचा पडदा जास्त जोरात वापरावा लागतो. ‘पोट उडतं’ म्हणतो ते हेच.

सर्दीचे विषाणू पुष्कळ, पण या गोष्टीत दोघांची नावं पुन्हा पुन्हा येतात. पहिला आरएसव्ही, म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस. तो प्रथम १९५६ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेतल्या सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये सापडला आणि नंतर लगेचच आजारी बाळांमध्येही. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळपास प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो. बहुतेकांना साधी सर्दी होते. काही तान्ह्या बाळांमध्ये मात्र तो अगदी टोकाच्या बारीक नळ्यांपर्यंत उतरतो. त्याला ब्राँकिओलायटिस म्हणतात. दुसरा ऱ्हायनोव्हायरस, म्हणजे साध्या सर्दीचा नेहमीचा मालक. त्याचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत. एकाशी लढून तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याला फारशी उपयोगी पडत नाही. तान्हेपण सरलं की सर्दीबरोबर छाती वाजण्यामागे बहुतेक वेळा हाच असतो.

लहान मुलाला वर्षाला सहा-आठ सर्द्या होणं हे सामान्य आहे. पाळणाघरात जाणाऱ्या किंवा शाळेत जाणारं भावंड असलेल्या मुलाला त्याहून जास्त होतात. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. हिशेब केला तर लक्षात येतं की एक खोकला संपायच्या आत दुसरी सर्दी दारात उभी असते. “सहा महिने झाले, खोकला गेलाच नाही” असं वाटणाऱ्या घरांत बऱ्याचदा चार वेगवेगळे विषाणू एकामागोमाग येऊन गेलेले असतात. मधे चार दिवस तरी पूर्ण कोरडे गेले का, हे नीट आठवून पाहावं लागतं.

नळीच्या आत काय घडतं तेही पाहू. श्वासनलिकेच्या अस्तरावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते अखंड हलत राहतात आणि कफाचा पातळ थर वर घशाकडे सरकवत राहतात. आपली रोजची झाडलोट ती हीच. विषाणू या अस्तराच्या पेशींत शिरतो, पेशी मरतात, गळून पडतात. त्यांचा गाळ, कफ आणि धावून आलेल्या पांढऱ्या पेशी मिळून नळीत बुचं तयार होतात. भिंत सुजते. काही मुलांत नळीभोवतीचे स्नायूही आकसतात. पेशींचा थर काही दिवसांत भरून येतो, पण ते हलणारे तंतू पूर्ववत व्हायला दोन आठवडे किंवा जास्तही लागतात. तोवर झाडलोटीचं काम खोकल्यावर पडतं. ताप उतरला, मूल खेळतंय, जेवतंय आणि तरी खोकतंय, याचा अर्थ औषध लागू पडलं नाही असा नाही.

इथून तो अवघड प्रश्न सुरू होतो. या विषाणूंमुळे दमा होतो, की ज्या मुलांचा कल आधीच दम्याकडे असतो त्यांना विषाणू फक्त उघडं पाडतात?

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टूसान शहरात १९८० पासून एक अभ्यास सुरू झाला. हजाराहून अधिक बाळांची जन्मापासून नोंद ठेवली गेली. त्यातल्या ८२६ मुलांचा सहा वर्षांपर्यंतचा हिशेब १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि माझ्या मते या विषयावर आईबाबांना सांगण्यासारखी याहून मोलाची दुसरी गोष्ट नाही. जवळपास एक तृतीयांश मुलांची छाती पहिल्या तीन वर्षांत कधी ना कधी वाजली होती. त्यांपैकी सुमारे ६० टक्के मुलांची सहाव्या वर्षापर्यंत वाजायची थांबली. या थांबलेल्या मुलांबद्दल एक बारीक गोष्ट सापडली. काही बाळांच्या फुफ्फुसांची क्षमता पहिला संसर्ग व्हायच्याही आधी मोजून ठेवली होती, आणि पुढे ज्यांची छाती वाजून थांबली त्यांची क्षमता तेव्हाच कमी होती. म्हणजे नळ्या मुळातच अरुंद. त्यांच्यात आई धूम्रपान करणारी असण्याचं प्रमाणही जास्त होतं. मूल वाढलं, नळ्या वाढल्या, प्रश्न मिटला. ज्यांची छाती सहाव्या वर्षीही वाजत होती, त्यांची फुफ्फुसं सुरुवातीला चांगली होती आणि सहाव्या वर्षी मागे पडलेली होती. त्यांच्यात आईला दमा असणं आणि ॲलर्जीची खूण जास्त दिसली. वरून आजार एकच दिसत होता, आतल्या गोष्टी दोन होत्या.

पुढे विस्कॉन्सिन राज्यातल्या अभ्यासात आईवडिलांपैकी कुणाला तरी ॲलर्जी किंवा दमा असलेली बाळं घेतली आणि प्रत्येक आजारपणात नाकातला नमुना तपासून विषाणू ओळखला. २००८ मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या तीन वर्षांत ऱ्हायनोव्हायरसने छाती वाजलेल्या मुलांत सहाव्या वर्षी दमा असण्याची शक्यता जवळपास दहा पटीने वाढलेली होती. आरएसव्हीने वाजलेल्यांत ती अडीच पटीच्या आसपास होती. इतकी वर्षं तान्ह्या बाळांचा शत्रू म्हणून आरएसव्हीकडे बोट दाखवलं जात होतं आणि पुढच्या दम्याची चाहूल मात्र साध्या सर्दीचा विषाणू देत होता. सशक्त नळ्यांमध्ये जो नाकाच्या खाली फारसा उतरत नाही, तो ज्या मुलाच्या छातीत एवढा गोंधळ घालतो, त्या मुलाच्या अस्तरातच काही वेगळं असावं, असा अर्थ अनेक संशोधक लावतात. त्याला जनुकांचाही आधार मिळाला आहे: ऱ्हायनोव्हायरसचा ‘सी’ गट पेशीत शिरताना ज्या प्रथिनाला धरतो, त्या प्रथिनाच्या एका ठरावीक जनुकीय रूपाचा संबंध लहान वयातल्या दम्याच्या तीव्र झटक्यांशी आढळला आहे.

मग आरएसव्ही रोखला तर दमा टळतो का? नेदरलँड्समध्ये हे थेट करून पाहिलं. थोडं लवकर जन्मलेल्या बाळांना आरएसव्हीविरुद्ध तयार प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) इंजेक्शनं दिली आणि तशाच दुसऱ्या बाळांना औषध नसलेली. पहिल्या वर्षात छाती वाजण्याचे दिवस ६१ टक्क्यांनी कमी झाले. आईबाबांच्या दृष्टीने हे खूप मोठं आहे, तेवढ्या रात्री शांत गेल्या. पण सहाव्या वर्षी फुफ्फुसांची क्षमता मोजली तेव्हा दोन्ही गटांत फरक नव्हता. विषाणूचं बी आणि मुलाच्या नळ्यांची मुळातली जमीन यांचा झगडा असा अजून सुरूच आहे. माझं मत विचाराल तर बहुतेक मुलांत जमीन आधी असते, आणि वारंवार पडणारं बी ती आणखी बिघडवत जातं.

आता त्या रात्रीच्या उपचाराकडे वळू. नळीभोवतीचे स्नायू सैल करणारं साल्ब्युटामॉल हे औषध पंपातून, स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) आणि मास्क लावून देणं ही मुख्य पद्धत. पंपाचं नाव काढलं की “सवय लागेल” ही भीती लगेच पुढे येते, म्हणून आकडे सांगते. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. याच औषधाच्या नेहमीच्या सिरपच्या एका ५ मिलिलिटर चमच्यात २ मिलिग्रॅम, म्हणजे २० दाबांइतकं. सिरप पोटात जातं, रक्तात मिसळतं, सगळ्या अंगभर फिरतं, हात थरथरवतं, छाती धडधडवतं आणि मग थोडं फुफ्फुसात पोचतं. पंपाचं औषध थेट तिथे जातं. साध्या, मध्यम त्रासात स्पेसर मशीनइतकाच चांगला चालतो, आणि तो पिशवीत मावतो.

मात्र तो नीट द्यावा लागतो. पंप हलवायचा. मास्क नाकातोंडावर असा बसवायचा की कडेने फट राहणार नाही. एकदा दाबायचं आणि पाच-सहा श्वास होईपर्यंत मास्क तसाच धरायचा, झडप हलताना दिसते ती मोजायची. मग अर्धा मिनिट थांबून पुढचा दाब. दोन दाब एकदम मारले तर औषध स्पेसरच्या भिंतीलाच चिकटतं. मूल जोरात रडत असेल तर औषध घशातच अडतं. “रडताना मोठे श्वास घेतो, जास्त जाईल” हा समज चुकीचा आहे. म्हणून चांगल्या दिवसांत सराव करा. मास्क बाहुलीला लावू द्या, मग आईला, मग स्वतःला. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळू द्यावा. फडक्याने घासून पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध ती भिंत ओढून घेते.

सहा महिन्यांच्या बाळाला ब्राँकिओलायटिस झाला असेल तर हेच औषध फारसं चालत नाही, कारण तिथे आकसलेल्या स्नायूंपेक्षा सूज आणि गाळ यांचाच वाटा मोठा असतो. तेव्हा नाक साफ ठेवणं, थोडं थोडं दूध वारंवार देणं आणि गरज पडली तर ऑक्सिजन, हाच उपचार असतो. “डॉक्टरांनी काहीच दिलं नाही” अशी तक्रार मग येते. न देणं हा तिथे विचार करून घेतलेला निर्णय असतो.

अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, कितीही ‘भारी’ असलं तरी. पोटातून द्यायच्या स्टेरॉइडबद्दल ब्रिटनमध्ये जवळपास ७०० लहान मुलांवर चाचणी झाली आणि २००९ मध्ये तिचा निकाल आला: विषाणूमुळे छाती वाजून रुग्णालयात आलेल्या, सौम्य ते मध्यम त्रास असलेल्या मुलांचा मुक्काम पाच दिवसांच्या स्टेरॉइडने कमी झाला नाही. त्रास गंभीर असेल तेव्हा डॉक्टर ते देतात आणि द्यायलाच हवं. दर सर्दीला घरी उरलेली बाटली काढून मात्र देऊ नये. दम्यासाठी, ॲलर्जीसाठी दिली जाणारी माँटेलुकास्ट ही गोळी सुरू असताना मुलाची झोप बिघडली, दुःस्वप्नं पडू लागली, स्वभाव एकदम चिडका झाला तर ते लगेच सांगा. या परिणामांबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये सर्वांत कडक इशारा दिला आहे.

रोज घ्यायचं, श्वासातून जाणारं स्टेरॉइड सगळ्यांना लागत नाही. झटके वारंवार किंवा जोराचे येत असतील, किंवा सर्दी नसतानाही मूल खोकत, दमत असेल तर दोन-तीन महिने देऊन पाहतात आणि मग थांबवूनही पाहतात. थांबवणं हा तपासणीचाच भाग आहे. दम्याची शक्यता जास्त असलेल्या दोन-तीन वर्षांच्या २८५ मुलांवरच्या अमेरिकन चाचणीत दोन वर्षं औषध घेतलं तोवर त्रास औषध न मिळालेल्या मुलांपेक्षा स्पष्ट कमी होता. बंद केल्यावर वर्षभरात दोन्ही गट सारखे झाले. औषधाने त्रास आवरतो, मुलाचा पुढचा मार्ग बदलत नाही. त्या दोन वर्षांत उंचीत सुमारे एक सेंटिमीटरचा फरक पडला होता, तो पुढे थोडा भरून आला. हे मी लपवत नाही, कारण धाप लागून काढलेल्या रात्रींच्या बाजूला ठेवून तो फरक आईबाबांनी स्वतः तोलावा असं मला वाटतं.

मार्ग न बदलणाऱ्या या सगळ्या औषधांच्या तुलनेत धूर बंद करणं फार मोठं काम करतं. स्कॉटलंडमध्ये २००६ मध्ये बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानावर बंदी आली. त्याआधी मुलांचे दम्यासाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग वर्षाला सुमारे ५ टक्क्यांनी वाढत होते. नंतर ते वर्षाला १८ टक्क्यांनी घटत गेले. खिडकीत उभं राहून ओढलेली सिगारेटही कपड्यांतून, केसांतून मुलाच्या उशीपर्यंत येते. तान्ह्या बाळांसाठी आता आरएसव्हीविरुद्ध दीर्घकाळ टिकणारं प्रतिपिंडांचं इंजेक्शन आणि गरोदर आईला द्यायची लसही आली आहे. २०२३ पासून अनेक देशांत त्यांचा वापर सुरू झाला. आपल्या बाळासाठी ती मिळते का हे डॉक्टरांना जरूर विचारा.

काही वेळा मात्र थांबायचं नसतं. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०: श्वास इतके किंवा याहून जास्त असतील तर तो वेगवान आहे. बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, बाळ दूध सोडत असेल, मूल एका दमात वाक्य पुरं करू शकत नसेल, गुंगीत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर तशीच गाडी काढा. जोराचा त्रास असताना शिट्टी अचानक थांबली आणि मूल मलूल झालं, तर आराम पडला असं समजू नका. वाजायलाही हवा लागते, आणि ती आत जात नसेल. खेळता खेळता, सर्दी नसताना एकाएकी ठसका लागून छाती एकाच बाजूला वाजू लागली तर एखादा दाणा किंवा मणी श्वासनलिकेत गेलेला असू शकतो.

तर, “दमा तर नाही ना?” दोन वर्षांच्या मुलाबद्दल याचं ठाम उत्तर देणारी एकही रक्ततपासणी किंवा एक्स-रे नाही. फुंकून करायची चाचणी मुलाला साधारण पाच-सहा वर्षांचं झाल्यावर जमते. तोवर आमच्याकडे तराजू असतो. आईला किंवा वडिलांना दमा, मुलाच्या कातडीवर वारंवार येणारा एक्झिमा (खाजरा, कोरडा पुरळ), रक्तात वाढलेल्या इओसिनोफिल पेशी (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी), सर्दी नसताना नाक खाजणं आणि छाती वाजणं, हे एका पारड्यात. फक्त सर्दीतच वाजणारी छाती आणि मधले दिवस अगदी निर्मळ, हे दुसऱ्यात. पारडं महिन्या-महिन्याने हलतं, म्हणून आज ‘हो’ किंवा ‘नाही’ असा शिक्का मारायची मला घाई नसते.

त्यासाठी भिंतीवरचं साधं कॅलेंडर पुरतं. सर्दीच्या दिवशी एक रंग, पंप लागला त्या दिवशी दुसरा, आणि सर्दी नसताना खोकला आला तर तिसरा. बाकीचे चौकोन कोरे सोडायचे. तीन महिन्यांनी एक आई असं कॅलेंडर घेऊन आली. सगळं वर्ष आजारपणात गेलं असं ती म्हणत होती. आम्ही दोघींनी मिळून कोरे चौकोन मोजले, ते निम्म्याहून जास्त निघाले, आणि तिसरा रंग कुठेच नव्हता.